मामांचं आभारप्रदर्शन

आमच्या नाशकातल्या जुन्या टाऊन हॉलमध्ये गेल्या चाळीस वर्षांत माझ्या बायकोच्या मामांशिवाय एकही सभा संपलेली नाही. ओझरच्या कारखान्यातून सुटले की मामा रिकामा डबा घेऊन थेट हॉल गाठायचे. निवृत्तीनंतर डबा सुटला, हॉल नाही. विषय कोणताही चालायचा. घरी तुळशीपलीकडे काही लावलं नसताना द्राक्षांवरच्या रोगांचं व्याख्यान त्यांनी वहीत उतरवून घेतलं. पाणीपट्टीवरून लोकांनी नगरसेवकांना धारेवर धरलं, तेव्हाही तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली मामा होतेच. सभा संपत आली की ते उठायचे आणि कुणी न सांगता आभार मानायचे. वक्त्यांपासून निघून माईकवाला, झाडूवाल्या मावशी आणि ‘न घोरता झोपलेले श्रोते’ इथपर्यंत ते पोचायचे. मामी म्हणायच्या, “घरात चहा हातात दिला तर मान वर करत नाहीत. सगळे आभार तिकडेच संपतात.”

एकदा मात्र फजिती झाली. एका जुन्या मास्तरांच्या शोकसभेतही मामा सवयीनं उठले आणि उपस्थितांचे आभार मानू लागले. शेजारच्या म्हाताऱ्या वकिलांनी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. “अहो, शोकसभेत आभार मानत नसतात,” ते म्हणाले. मामा आठवडाभर खजील होते.

गेल्या वर्षी हॉल पाडून तिथं वाहनतळ करायची चर्चा निघाली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. हॉल वाचवा म्हणून त्यांनी अंबडच्या कामगारांपासून फुलबाजारातल्या बायकांपर्यंत सह्या गोळा केल्या. एक फुलवाली म्हणाली, “माझ्या पोरीचं लगीन तिथंच लागलं. कुठं सही करू, तेवढं सांगा.”

निर्णयाची सभा हॉलमध्येच झाली. इमारत धोकादायक आहे, पाडावी लागेल, असं महापालिकेच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं बोलणं संपलं तरी कुणी उठेना. सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. साहेबही थांबले.

मामा पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठले.

“शोकसभेत आभार मानत नसतात,” एवढंच म्हणाले, आणि मान खाली घालून उभे राहिले. मग आम्ही सगळेच उभे राहिलो. मला फार वाईट वाटलं.

त्यांना घरी सोडायला गेलो, तर मामींनी नेहमीसारखा चहा आणला. मामांनी कप घेतला, मान वर केली आणि म्हणाले, “आभारी आहे.”

मामींना ते ऐकवेना. त्या आत निघून गेल्या.