सुतार हरला नव्हता

त्याला सगळे अपील म्हणत. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव होतं, पण ते दुकानाच्या परवान्यापुरतं उरलं होतं. या माणसानं जन्मात कुणाचा निकाल पहिल्या फटक्यात मान्य केला नव्हता. डॉक्टर म्हणाले रक्तदाब वाढलाय, की हा म्हणायचा, आधी तुमचं यंत्र तपासून घ्या. बायको म्हणाली भाजीत मीठ बरोबर आहे, की हा वाटी घेऊन शेजारी दुसरं मत घ्यायला जायचा. एकदा बायको वैतागून म्हणाली, "हे मेल्यावरसुद्धा वर जाऊन अपील करतील आणि परत येतील," आणि तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

धंदा सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचा. दुकान अरुंद, आत काथ्याचा आणि फोमचा वास, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. काम करताना तो बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचा, जिभेनं एकेक ओठावर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकानं उचलायचा आणि एका ठोक्यात बसवायचा. बोलणंही त्या खिळ्यांसकट चालायचं. नवं गिऱ्हाईक बिचकायचं, जुन्यांना सवय होती. मात्र बोलता बोलता त्यानं खिळे तळहातावर थुंकले की समजायचं, प्रकरण पेटलं.

आणि ते रोज संध्याकाळी पेटायचं. शेजारचा चष्मेवाला दुकान आवरून यायचा, बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर यायचा, आणि दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या सोफ्यांवर बसून तिघे बॉक्सिंगवर भांडायचे. हल्लीच्या पोरांचं त्यांना काही नव्हतं. त्यांच्या तोंडी सगळे जुने. एक मुका, जो मार खाताना हूं की चूं करायचा नाही. एक नवरदेव, जो तेल लावून भांग पाडून रिंगमध्ये उतरायचा आणि तोंडाला इतका जपायचा की पोटावर मार खाऊन आडवा व्हायचा. मुका आणि नवरदेव आयुष्यात कधी समोरासमोर आले नाहीत. एक संपला तेव्हा दुसरा चड्डीत होता. पण दुकानात त्यांची लढत आठवड्यातून एकदा तरी व्हायची, आणि ड्रायव्हर मुक्याचा हुक करून दाखवताना असा हात फिरवायचा की वाटावं, बस वळवतोय.

पण सगळे रस्ते शेवटी एकाच लढतीला येऊन मिळायचे. सुतार विरुद्ध खांब.

सुतार बुटका, रुंद, पोटाशी घुसून बरगड्यांवर ठोकणारा. त्याचे ठोसे मैदानाबाहेर ऐकू यायचे. खांब उंच, काटकुळा, लांबूनच डावा हात पुढे टाकून टिचक्या मारणारा. अजिंक्यपदाची लढत शेवटच्या राउंडपर्यंत गेली, तीन पंचांपैकी एकानं सुताराला दिली, एकानं खांबाला, आणि तिसऱ्याच्या गुणांवर खांब जिंकला.

"टिचक्या मारून कुणी जिंकतं का?" अपील विचारायचा. "माशी हाकलतोय का माणूस? सुतार हरला नव्हता. हरवला त्याला."

"तुझ्या डोळ्यांना नंबर लागलाय," चष्मेवाला म्हणायचा. "ये, तपासून देतो. तुला काय, सवलतसुद्धा देतो."

"मी दुसऱ्या रांगेत होतो!" आणि खिळे तळहातावर.

इथे एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नव्हतं. तो तिसरा पंच म्हणजे अपीलचा सख्खा थोरला भाऊ.

दादा शाळेत खेळाचा शिक्षक. काटेकोर माणूस, स्पर्धेच्या दिवशी तो मैदानावर स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचा, संयोजकांचा चहासुद्धा घ्यायचा नाही. ती लढत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर जेवायला एकत्र बसलं होतं. आई होती, दोघांच्या बायका होत्या, पोरं होती. अपील घासही न घेता बसला होता. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "किती घेतलेस?"

दादानं ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि आत गेला. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पस्तीसेक वर्षं झाली असतील. घरं एकाच रस्त्यावर, पण एक डाव्या कडेनं चालायचा, एक उजव्या. जावाजावांचं येणं-जाणं सुरू होतं, म्हणून कोण आजारी आणि कुणाला नातवंड झालं हे कळायचं. आई गेली तेव्हाही दोघे शेजारी शेजारी उभे राहिले आणि कोरड्या लाकडासारखे परत फिरले.

आता हे सांगायलाच हवं की अपील मूर्ख नव्हता. त्याला आतून चांगलं ठाऊक होतं की तो सुतारासाठी भांडत नाहीये. सुतार जिंकला असेल, तर 'किती घेतलेस' हे निदान संतापाच्या भरात तोंडून निघून गेलं, असं म्हणता येत होतं. सुतार हरला असेल, तर त्यानं एका सरळ माणसाच्या तोंडावर चिखल फेकला होता, तोही आईसमोर. म्हणून सुताराला हरून चालणार नव्हतं. कुणी काही म्हणो, दर संध्याकाळी त्याला जिंकवणं भाग होतं.

एके सकाळी बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "मोठे भाऊजी घर सोडताहेत. लेकीकडे जाताहेत राहायला, कायमचे. येत्या रविवारी ट्रक येतोय."

"मग मी काय करू?"

"काही करू नका. आजवर केलंय तेच करा," ती म्हणाली आणि ताटात भाजी जरा जोरानंच वाढली.

त्या दिवशी त्यानं एका सोफ्याला मागचं कापड पुढे लावलं. असं कधी होत नसे.

त्याच आठवड्यात एक मध्यमवयीन बाई टेम्पोतून खुर्ची घेऊन आली. जुनी, दणकट, हातांची खुर्ची. "वडिलांची आहे, काका. फेकू देत नाहीत. जरा बसण्यासारखी करून द्या."

अपीलला एक खोड होती. खुर्ची बघून तो माणूस सांगायचा. बैठक कुठे दबलीय, हात कुठे झिजलाय, डोकं कुठे टेकलंय, यावरून पोट, धंदा आणि स्वभाव काढायचा, आणि खरं सांगायचं तर बरेचदा बरोबर निघायचं. ही खुर्ची सगळी उजवीकडे खचली होती. उजवा हात झिजून सुतं निघालेली, डाव्याचं कापड नव्यासारखं.

"कारकून," त्यानं चष्मेवाल्याला आणि ड्रायव्हरला ऐकवलं. "उभ्या जन्मात सरळ बसलेला नाही. उजव्या हातावर रेलून डुलक्या काढायच्या, साहेब आला की दचकायचं. आळशी माणूस, एकदम आळशी."

"निकाल मान्य," ड्रायव्हर म्हणाला.

अपीलनं उजवीकडच्या बसलेल्या स्प्रिंगा काढून टाकल्या, नव्या बांधल्या, खाली काथ्या दाबून भरला, बैठक पाण्याच्या पातळीसारखी केली. शनिवारी संध्याकाळी ती बाई खुर्ची न्यायला आली. बरोबर वडील होते. बुटके, रुंद, नाक बसलेलं, मनगटं खुर्चीच्या पायांएवढी.

अपीलनं खिळे थुंकले. तळहातावर नाही, जमिनीवर.

"सुतार," तो म्हणाला.

मग जे झालं ते कुणालाही समजेल. म्हाताऱ्याला सोफ्यावर बसवलं, चहा मागवला, ड्रायव्हरनं त्याचा हात हातात घेऊन सोडलाच नाही. मुका खरंच मुका होता का, नवरदेव सरावाला यायचा का, सगळं विचारून झालं. लेक दारात उभी राहून हसत होती. वडिलांना इतकं बोलताना तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि शेवटी अपीलनं विचारलं, "आता तुम्हीच या दोघांना सांगा. खांबाशी झालेली ती लढत कोण जिंकलं?"

"खांब," म्हातारा म्हणाला.

ड्रायव्हरनं आता कुठे त्याचा हात सोडला.

"नाही," अपील म्हणाला. "तुम्ही जिंकलात."

"मिस्त्री, मी हरलो."

"तुम्हाला काय कळणार? तुम्ही आत होतात. मी दुसऱ्या रांगेत होतो."

म्हातारा मनापासून हसला. "अहो, माझे ठोसे त्याच्या कोपरांवर बसत होते. कोपरावर मारलं की आवाज फार येतो. लोक कानांनी बघत होते. त्याच्या हाताला आवाज नव्हता, पण एकूण एक या डोळ्यावर बसत होता." त्यानं डावा डोळा दाखवला. "त्याच लढतीत अधू झाला, पुढे पार गेला. डाव्या बाजूचं काही दिसत नाही. म्हणून उजवीकडे रेलून, मान डावीकडे वळवून बसावं लागतं. लेक म्हणते, खुर्ची वाकडी केलीत."

अपीलनं खुर्चीकडे पाहिलं. उजवीकडचा तो खड्डा त्यानं स्वतःच्या हातानं भरला होता. माशी हाकलणाऱ्या टिचक्यांनी पडलेला खड्डा.

"आज राहू द्या," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "खुर्ची उद्या न्या. उजव्या बाजूला जरा उशी वाढवून देतो. तुम्हाला सरळ बैठक सोसणार नाही."

माणसं गेल्यावर चष्मेवाला पुढे आला. आज त्याचा दिवस होता, इतक्या वर्षांनी जिंकला होता. पण तो एवढंच म्हणाला, "दादांचा ट्रक उद्या सकाळी आहे ना?"

सकाळी अपील रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत गेला. दारासमोर ट्रक उभा होता. घर निम्मं रिकामं, भिंतीवर कपाटांच्या जागी पांढरे चौकोन. वहिनी स्वयंपाकघरात खोकी बांधत होती. दादा एका पेटीवर बसला होता. म्हातारा झाला होता. रस्त्यापलीकडून इतका दिसत नसे.

"सुतार हरला होता," अपील दारातूनच म्हणाला.

दादानं वर पाहिलं. "कोण म्हणतं?"

"तो स्वतः. काल दुकानात आला होता."

"त्याला काय कळणार? तो आत होता."

अपील उंबऱ्यापाशीच थांबला. पाठ करून आणलेलं सगळं विसरला. "निकाल तुझा बरोबर होता, दादा. डोळा गेलाय त्याचा त्या लढतीत. आणि बरोबर नसता तरी मी ते विचारायला नको होतं. तू कुणाचा चहासुद्धा घेत नाहीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. विचारलं त्या क्षणीसुद्धा माहीत होतं."

स्वयंपाकघरातला सुतळीचा आवाज थांबला.

"तेच लागलं मला," दादा म्हणाला. "परक्यानं विचारलं असतं तर हसून सोडलं असतं." त्यानं पेटीची कडी नीट बसवली. "आणि ऐक. शेवटचा राउंड सुताराचा होता. मी खांबाला दिला. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, मी चुकलो. तो सुताराला दिला असता तर निकाल फिरला असता. पण तू विचारून बसला होतास, किती घेतलेस. आता चुकलो म्हणालो असतो तर काय अर्थ निघाला असता? पंचाला चुकायची मुभा असते रे. माझी तू काढून घेतलीस."

अपीलला रडू आलं. उंबऱ्यावर उभं राहून, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत, तो लहान पोरासारखा रडला. दादानं पेटीवर सरकून जागा केली. तो जाऊन बसला.

दोघे पांढऱ्या चौकोनांकडे बघत बसले.

"शेवटचा राउंड सुताराचा नव्हता," अपील नाक ओढत म्हणाला.

"होता."

"कोपरांवर मारत होता तो! त्यानंच सांगितलं!"

"शेवटच्या राउंडमध्ये नाही. शेवटी त्यानं खांबाला दोरांना दाबून धरला होता. तू कुठे बघत होतास?"

"मी दुसऱ्या रांगेत होतो!"

"आणि मी रिंगला नाक लावून बसलो होतो!"

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. वहिनीनं खिडकीतून त्याला हातानं थांबवलं, डोळे पदराला पुसले, बांधलेल्या खोक्याची सुतळी सोडली आणि चहाचे कप परत बाहेर काढले.