नुसत्या शर्टांचे गठ्ठे

लॉन्ड्रीवाल्या मावशीला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. पण गठ्ठा सोडला की बाई अख्खं घर वाचते! खांद्यावर दुधाचा डाग आला की घरात बाळ आलं, बाहीला शाई लागली की परीक्षा जवळ आली. आणि एखाद्या घरून बाईचे कपडे यायचे थांबले, की ती काही विचारत नाही. त्या घरचे शर्ट तेवढे जरा जास्त मन लावून इस्त्री करते.

सिनेमा शिकायला आलेली भाची तिच्याकडेच राहायची. परीक्षेसाठी पोरीने अठरा मिनिटांचा सिनेमा काढला होता: बायको गेल्यावर एक म्हातारा स्वयंपाक शिकतो. नियम असा, की सिनेमा ज्यांच्यासाठी काढला त्यांनाच दाखवायचा, आणि बाहेरचे निदान पंचवीस प्रेक्षक हवेत. पोरीने कॉलेजभर पोस्टरं चिकटवली. आले नऊ. त्यात सहा वर्गातले, उरलेले तिघे एसीत डुलक्या काढायला. परीक्षक सरांनी शेरा मारला, "प्रेक्षक कोण, हेच ठाऊक नाही." आणखी एकच संधी, हुकली की वर्ष वाया.

पोरगी काउंटरवर डोकं टेकून रडत बसली.

"कुणासाठी काढलास गं?" मावशीने विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"डोंबल सगळ्यांसाठी! सगळ्यांच्या मापाचा शर्ट कुणाला बसलाय का आजवर? अगं, बायको गेलेले काका तुझी पोस्टरं वाचणार होय? ते खाली मान घालून चालतात. ऊठ, डोळे पूस. नुसत्या शर्टांचे पस्तीस गठ्ठे आहेत माझ्याकडे."

मग दोघींनी मिळून चिठ्ठ्या लिहिल्या: 'काका, घरात एकटेच आहात? मग हा सिनेमा तुमच्यासाठी आहे. शनिवारी सकाळी अकरा, कॉलेजचा छोटा हॉल. तिकीट नाही.' आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या शर्टाच्या खिशाला एकेक टाचली.

दुसऱ्याच दिवशी एक धिप्पाड बाई चिठ्ठी नाचवत दुकानात शिरली. "ही कोण भवानी माझ्या नवऱ्याला विचारते, घरात एकटेच आहात का म्हणून?"

मावशीची बोबडीच वळली. "अहो, पण तुमचे कपडे कधी येतच नाहीत…"

"कसे येतील? माझे मी घरी धुते! म्हणून काय मला मारूनच टाकलंत?"

मावशीने कान धरले, स्टूल पुढे केलं, सगळी हकीकत सांगितली. बाई आधी फणफणली, मग जी हसत सुटली ती थांबेचना. "थांबा, मीच घेऊन येते त्यांना," म्हणाली.

शनिवारी मावशीने दुकान बंद ठेवलं. पावणेअकरा झाले, हॉल रिकामा. पोरगी चारदा दारापर्यंत जाऊन आली. आणि मग आले हो! कडक इस्त्रीचे शर्ट घालून, एकेकटे, दाराशी घुटमळत. मावशी चेहऱ्यांवरून कुणाला ओळखत नव्हती. हा निळ्या रेघांचा, हा बाहीला बटण नसलेला, अशी तिची मोजणी चालली होती. एकोणतीस! शिवाय ती धिप्पाड बाई, नवऱ्याला दंडाला धरून.

सिनेमातल्या म्हाताऱ्याचं पहिलं अंडं ओट्यावर फुटलं तेव्हा हॉल खदखदून हसला. त्याने दोन ताटं मांडली आणि एक गुपचूप उचलून ठेवलं, तेव्हा कुणी हललंसुद्धा नाही. मावशीला तर हुंदकाच आला.

दिवे लागले. परीक्षक सरांनी उठून विचारलं, "हा सिनेमा कुणासाठी आहे, असं वाटतं तुम्हाला?"

धिप्पाड बाई ताडकन उठली. "आमच्या ह्यांच्यासाठी! चहासुद्धा येत नाही करायला. मी आहे तोवर शिकू देत, नाहीतर माझा जीव वर जाऊनही खालीच घुटमळेल." नवरा लाजून चूर झाला, पण मान त्याने होकारार्थीच हलवली.

हशा ओसरला तसे मागच्या रांगेतले एक काका हळूच उभे राहिले. पोरीकडे बघून म्हणाले, "बेटा, पुन्हा लावशील का? तो अंडं फोडतो ना, तिथपासून. मघाशी बघण्यात कृती लिहून घ्यायची राहिली."

आणि हॉलभर खिशांतून चष्मे आणि पेनं निघाली. सरांनी हातातला गुणांचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तेही लिहायला बसले.