पदर आणि कानाचं मशीन

धुळ्यात देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्योत्स्नाचं मेडिकल आहे. मी तिची शेजारीण. मंगळवारी एकवीरादेवीला जाऊन आले की तिच्या काउंटरवर प्रसाद ठेवते. ती तो कपाळाला लावते, तोंडात टाकते, आणि पुन्हा कात्रीनं गोळ्यांची पाकिटं कापायला लागते. गोड होता की कसा, तिला विचारून उपयोग नाही.

तिचा नवरा, दीपकभाऊ, मागच्या उन्हाळ्यात दुकानातच गेले. दोघंही फार्मसी शिकलेले. बोलायचं काम भाऊंचं, गोळ्या द्यायचं हिचं, अशी वाटणीच होती. तेरावं झालं आणि हिनं शटर उघडलं. रडताना तिला कोणी पाहिलं नाही. बायकांनी त्यावरून बोलून घेतलं, मग बोलायचंही सोडून दिलं. ती जेवते, झोपते, हिशोब बरोबर देते. बाकी काही नाही.

भाऊ गेले त्या दिवशी त्यांची आई ताईबाई दोंडाईच्याला भाचीकडच्या लग्नात होत्या. त्यांना गाडीत बसवून आणलं आणि सरळ ओसरीत उतरवलं. त्यांनी मुलाला पाहिलं आणि तिथंच खाली बसल्या. तो कसा गेला हे त्यांना कोणीच सांगितलं नाही. सांगणार कसं? त्यांचे दोन्ही कान वर्षानुवर्षं कमी होत आलेले. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. दूध उतू गेलं, जेवायला चला, हे ओरडता येतं. तुमचा मुलगा कसा गेला हे कोण ओरडून सांगणार? भिंतीला भिंत लागून त्यांच्या जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं घर, समोर अख्खी गल्ली. लिहून द्यावं तर ताईबाईंना अक्षर येत नाही.

त्या मात्र अधूनमधून सुनेसमोर येऊन बसायच्या आणि मुलगा जाताना काही बोलला का, ते आपल्या अहिराणीत विचारायच्या, "तो काही बोलना का?"

ज्योत्स्ना मान हलवायची. ती मान हो म्हणते की नाही, हे ना ताईबाईंना कळायचं, ना मला.

अशात औषधवाल्यांच्या संघटनेनं जळगावला शिबिर ठेवलं. कानाची तयार मशीनं आता मेडिकलात ठेवता येतात, ती कोणाला द्यायची, कशी बसवून द्यायची याचं. ज्योत्स्नानं पहिल्याच दिवशी नाव दिलं. मला म्हणाली, "ताई, मला आईंशी हळू बोलायचंय." एवढंच. भाऊ गेल्यापासून तिनं काही मागितलेलं हे पहिलंच, म्हणून मीही तिच्यासोबत एसटीत बसले.

मेहरूणच्या तलावाजवळच्या एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या होत्या. पुरुषच जास्त. शिकवायला नाशिकच्या सारिका मॅडम आल्या होत्या, कान तपासण्याचं शिकलेल्या. त्यांच्यासमोर टेबलावर रबराचे नुसते कान मांडलेले.

"मशीन द्यायला नंतर शिका," मॅडम म्हणाल्या. "कोणाला द्यायचं नाही ते आधी. कानातून पाणी-पू येतोय, एकाएकी ऐकू येईनासं झालंय, एकाच कानानं कमी ऐकू येतंय, चक्कर येते, लहान मूल आहे, यांना डॉक्टरकडे पाठवा. पेशंटला समोर बसवा, विचारा, कानात बघा."

मागच्या रांगेतून हिलालभाऊ नावाचे एक पारोळ्याचे मेडिकलवाले उठले. "मॅडम, आमच्याकडे पेशंट येतच नाही. पेशंटचा पुतण्या येतो, हातात गोळीचं रिकामं पाकीट घेऊन. म्हणतो, आबाला हेच द्या."

सगळे हसले.

"मग पुतण्याच्या कानात मशीन घालून बघणार का?"

"पुतण्या म्हणेल, आबाचं माप माझ्याएवढंच आहे."

"आबांना आणा म्हणावं. नाही आणलं तर विकू नका."

"शेजारचा विकेल ना मॅडम!"

मॅडमनी रबराचा कान उचलला. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. कान वर आणि मागे ओढायचा, मग मशीनच्या टोकाची रबरी टोपी आत सरकवायची. आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात. पहिल्यांदा शांत खोलीत, एकाच माणसाशी, समोर बसून, साध्या आवाजात. शिट्टी वाजली तर टोपीचं माप चुकलंय असं धरा. आणि तेल घालणं बंद.

मग प्रत्येकाच्या कानात कान बंद करायची रबरी बोंडं घातली, कमी ऐकू येणं कसं असतं ते कळावं म्हणून. पुरुष एकमेकांना खुणा करत हसत होते. ज्योत्स्ना हात मांडीवर ठेवून बसली होती. काढा म्हटल्यावर सगळ्यांनी काढली, हिनं नाही. मी जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. परत येताना एरंडोल मागे पडल्यावर ती म्हणाली, "बरं वाटत होतं तसं." मी खिडकीबाहेर बघितलं.

शिकवलं तसंच तिनं केलं. आधी ताईबाईंना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मळ काढला, तपासलं, वयानं झालंय, मशीन चालेल म्हणाले. मग घरी, दुपारी, दार लोटून, तिनं सासूला समोर बसवलं. मी होते. उजवा कान मागे ओढून लाल खुणेचं मशीन घातलं.

"आई."

ताईबाईंनी वर पाहिलं. तेवढ्यात बाहेर ओसरीवर रुपचंद आबा खाकरले. हे ताईबाईंचे जेठ, नव्वदीच्या घरातले. खाकरणं ऐकू आलं तसा ताईबाईंचा हात आपोआप गेला आणि पदर डोक्यावरून कानांवर, गालांपर्यंत आला. मशीन जोरात शिट्टी वाजवायला लागलं.

"काढी टाक! काढी टाक!" ताईबाई ओरडल्या.

ज्योत्स्नानं टोपीचं माप बदललं. लहान, मोठी, मधली. आबा ओसरीवर नसले की मशीन गप्प. आबांची काठी वाजली की शिट्टी. दोन-तीन दिवस तिला वाटत होतं मशीनच खराब आहे, बदलून आणावं. मग एकदा तिनं स्वतःच्या कानात घालून ओढणी वरून घेतली, आणि शिट्टी वाजली.

"आई, पदर कानामागे घ्या," तिनं ओरडून सांगितलं.

"जेठ बसेल शेत ना बाहेर!" जेठ बाहेर बसलेत, म्हणून ताईबाई चिडल्या. लग्न होऊन आल्यापासून जेठासमोर त्यांचा कान उघडा पडला नव्हता, आणि जेठाशी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. आता मुलगा गेल्यावर त्या ते मोडणार होत्या थोड्याच. मशीन डबीत गेलं. ज्योत्स्ना दुकानात गेली.

मला राहवेना. मी म्हटलं, "आबांनाच सांग की." ती म्हणाली, "हं." मला वाटलं विसरली. पण संध्याकाळी ती आबांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली, मीही मागे होते.

"आबा, आईंनी तुमच्यासमोर कान उघडा ठेवला तर चालेल का?"

आबांनी काठी खाली ठेवली. "कसाले?"

तिनं मशीनचं सांगितलं.

"ये माय!" आबा म्हणाले. "मन्हा डोयास्ले मोतीबिंदू. मले समोरना बैल दिखस नही, अन् तुन्ही सासू पदर कोनाकरता लेस?"

"तुमच्याकरता."

"इतला वरीस?"

"इतकी वर्षं."

आबांनी चाचपून काठी पुन्हा हातात घेतली. "मंग सांग तिले, मी म्हनस."

"मी सांगितलं तर ऐकायच्या नाहीत. तुम्ही सांगा."

"मी? मी कसा बोलू? भावनी बायको शे ती!"

ज्योत्स्नानं विनवलं नाही, आवाजही चढवला नाही. नुसती उभी राहिली. मला वाटतं, तिला तिथून हलायचंच सुचत नव्हतं. शेवटी आबाच उठले. ताईबाईंच्या दाराशी आले, आत न बघता चौकटीला धरून उभे राहिले. ज्योत्स्ना आत धावली, मागोमाग मी. तिनं सासूच्या कानात मशीन घातलं, पदर हातानं धरून ठेवला.

आबा मोठ्यानं म्हणाले, "दीपकनी माय, पदर काननामांगे ली ले. मी सांगी राह्यनू." आणि वळून, भिंत चाचपत परत गेले.

ताईबाईंना ते ऐकू आलं. त्या तोंडावर हात ठेवून बसल्या. जेठाचा आवाज आपल्याशी बोलताना त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता, आणि त्यात मुलाचं नाव होतं. हळूच त्यांनी पदर कानामागे खोचला. डोकं झाकलेलंच ठेवलं. शिट्टी वाजली नाही.

ज्योत्स्ना समोर बसली. ताईबाईंनी तेच विचारलं.

"तो काही बोलना का? मन्हं नाव लिधं का त्यानी?"

मी मनात म्हटलं, बाई, हो म्हण. असलं खोटं देवी पोटात घालते.

"नाही आई," ज्योत्स्ना म्हणाली. गोळी जेवणानंतर घ्या, असं सांगताना तिचा आवाज असतो, तसाच. "छातीत जळजळतंय म्हणाले. मग पाणी मागितलं. स्टुलावर बसले आणि भिंतीला टेकले. नाव कोणाचंच घेतलं नाही. माझंही नाही."

ताईबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता ऐकू येत होतं तरी ओठांकडे बघायची सवय गेली नव्हती.

"पानी कोनी दिधं?"

"मी."

"पिधं का त्यानी?"

"दोन घोट."

"तुन्हा हातनं?"

"हो आई. माझ्या हातचं."

ताईबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, कोणाचं नाव घेतलं ते मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "मंग ठीक शे."

मला वाटलं आता तरी ज्योत्स्नाचा बांध फुटेल. ती उठली, हात धुतले, परातीत पीठ घेतलं. मी निघायला चप्पल शोधत होते. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला तशी ताईबाईंनी मान तिकडे वळवली. बऱ्याच वर्षांनी ऐकत असाव्यात.

"जाड थापी राह्यनी तू," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.

पुढची भाकरी ज्योत्स्नानं पातळ थापली.