दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

पोरांच्या शाळेला सुट्टी लागली की आमची शाळा भरते. मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये आहे, कॉलरवर. कॉलरवर म्हणजे दिवसभर नुसत्या कॉलरच. शर्ट पुढे कुठे जातो, त्याला खिसा कोण लावतं, काज-बटण कोण करतं, ते आपण बघायचं नाही. उन्हाळाभर आमचा सीझन. त्या दिवसांत सकाळी दाराशी ट्रेमध्ये फोन टाकायचा, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास परत घ्यायचा, नि मग एकदम घरी जाताना. रविवारी सुट्टी आहे की नाही ते शनिवारी संध्याकाळी कळतं. साठीला आले तरी शनिवारी माझा एक कान अजून त्या बातमीकडेच असतो, बघा.

आणि एवढं असून मी व्हिडिओ करते. हसू नका.

झालं काय, नातवाच्या वेळी मी टोपडं शिवत बसले होते, तर सूनबाईनं गंमत म्हणून माझ्या हातांचा व्हिडिओ काढला आणि टाकला. लोकांनी बघितला. कुणीतरी खाली लिहिलं, ‘आजी, ब्लाऊज शिकवा की.’ मी म्हटलं, मी कुणाला काय शिकवणार? मीच कुठे शिकलेय? सातवीनंतर शाळा सुटली, आणि शेजारच्या बाईंचे जुने ब्लाऊज उसवून उसवून मला शिवण आलं. उसवलं की कळतं, कुठला तुकडा कुठे होता ते. पण सून म्हणाली, “आई, हेच सांगा की. असंच बोला.” मग मी बोलायला लागले. बोलायचं म्हटल्यावर मला काय, थांबायचंच ठाऊक नाही.

व्हिडिओत माझे फक्त हात दिसतात. सून विचारायची, “चेहरा दाखवू का?” मी म्हणायचे, “चेहऱ्यावर काय टाके दिसणार आहेत? हात दाखव.” ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते, तिलाही रविवारच मोकळा. पाणी यायचा दिवस नेमका रविवारी आला तर सकाळ भांडी-पिंपं भरण्यात जायची, उरलेल्या दुपारी आमचं शूटिंग. यातून मिळतं काय, असं शेजारणी विचारतात. आठवडाभर नुसत्या कॉलर शिवणाऱ्या बाईला रविवारी एक अख्खा ब्लाऊज शिवायला मिळतो, आता हे कसं सांगू त्यांना?

तर गेल्या उन्हाळ्याआधी मी ब्लाऊज शिकवायला घेतला. आधी मापं, मग पाठ, मग पुढचा भाग. पुढच्या भागाच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात बोलून गेले, “येत्या रविवारी बाही. कापड घेऊन बसा गं सगळ्या.” आणि त्याच शनिवारी आमच्या सुपरवायझर मॅडमनी सांगितलं, ऑर्डर वाढलीय, आता रविवार नाही.

सगळ्या बायका विसरल्या असतील, एक विसरली नाही. उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावातली सून. तिचा नवरा केळीच्या गाड्या भरायला जातो. सूनबाईकडून माझा नंबर मागून घेतला होता तिनं. पहिला रविवार गेला, सोमवारी तिचा आवाज आला फोनमध्ये, “मावशी, बाही कवा वो?” दुसरा गेला. “मावशी, बरं हाय न्हवं तुमाला?” तिसऱ्याला मात्र सगळं बोलली. मी घरी जाताना रिक्षात बसून ते ऐकलं. शेजारच्या पोरीचं लग्न होतं आणि नवरीचा ब्लाऊज हिनं शिवायला घेतला होता. पाठ झाली, पुढचा भाग झाला, माझ्या व्हिडिओवरनं अगदी माझ्यासारखा केला. बाहीसाठी अडून बसली होती.

“दुसऱ्या कुणाचं बघून कर की गं,” मी तिला फोन लावून म्हटलं. “मोबाईलवर हजार जणी शिकवतात.”

“त्यांचं लई भरभर असतंय मावशी. तुमी कसं, हात धरून सांगता.”



मग तिनं खरं दुखणं सांगितलं. मशीन तिच्या माहेराहून आलेलं. पण सासूचं म्हणणं, हिला शिवता येत नाही, मशीन नुसतं धूळ खातंय, त्यापेक्षा माळशिरसला आपल्या लेकीकडे पाठवून द्यावं. “मोबाईल बघून कुनी शिंपी झालंय व्हय?” असं सासू उठता-बसता बोलायची. नवरीचा ब्लाऊज बसला तर मशीन घरात राहील, नाही बसला तर जाईल, असं त्या घरात ठरल्यासारखंच होतं.

मी मॅडमना एक रविवार मागून बघितला. बाई वाईट नाही. तिच्याही डोक्यावर कुणी बसलेलंच असतं. म्हणाली, “मावशी, तुम्ही नसला तर कॉलर अडते. कॉलर अडली की अख्खी लाईन बसून राहते. तुम्हीच सांगा, कुणाला बसवू?” मी परत जाऊन मशीनवर बसले.

शेवटी जेवणाच्या सुट्टीतच बाही करायची ठरवली. माझ्या शेजारी बसणारी ओव्हरलॉकवाली, म्हणजे कापडाच्या कडा बांधणारी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिनं डबा न उघडता फोन धरला. कटिंगच्या टेबलाखाली पडलेले गणवेशाच्या कापडाचे तुकडे घेतले, एकावर एक ठेवले, खडूनं बाही आखली आणि घाईघाईत सगळं सांगितलं. बाहीचा मागचा भाग भरीव, पुढचा जरा खोलगट, मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोलाईला, कशी मिळवायची, सगळं. बेल व्हायच्या आत उरकलं. “ब्येस झालं वो,” अक्का म्हणाली, आणि तिनं भाकरीचा तुकडा तसाच तोंडात कोंबून मशीन सुरू केलं. संध्याकाळी सूनबाईनं व्हिडिओ टाकला.

आणि तो चालला की! माझा कुठलाच व्हिडिओ एवढा चालला नव्हता. कारखान्याचा खडखड आवाज, मागे शर्टांचे ढीग, लोकांना ते आवडलं. मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत फोन हातात घेतला, तर त्यात तिचे न उचललेले फोनच फोन. आणि एक फोटो. पलंगावर पसरलेला ब्लाऊज, हिरवा, जरीच्या काठाचा. खाली तिचा आवाज, बारीक झालेला, “मावशी, एक हात बसतोय, दुसरा मागं वढतोय. काय चुकलं वो माजं?”

फोटो बघितला मात्र, माझ्या हातातला घास हातातच राहिला. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या होत्या. दोन्ही उजव्या.

शिवणाऱ्यांना कळलं असेल, बाकीच्यांना सांगते. बाहीचा पुढचा भाग नि मागचा भाग सारखा नसतो, म्हणून उजवी बाही नि डावी बाही आरशात बघितल्यासारखी उलट हवी. त्यासाठी कापडाच्या दोन घड्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या, सुलट बाजू सुलट बाजूला, आणि मग कात्री चालवायची. गणवेशाच्या कापडाला उलट-सुलट नसतंच. कसंही ठेवा, कापा, एक तुकडा पालथा केला की झाली दुसऱ्या हाताची. दिवसभर तेच कापड हातात, त्यामुळे मी ते तुकडे तसेच एकावर एक टाकले, आणि तोंडाला तोंड लावा हे वाक्य माझ्या तोंडात आलंच नाही. घरी रविवारी केलं असतं तर माझ्याच पेटीतलं फुलांचं कापड घेतलं असतं, आणि ते वाक्य आपसूक निघालं असतं. तिनं बिचारीनं मी केलं तसंच केलं. पण तिचं कापड जरीचं, मागे सगळे दोरे लोंबणारं. ते पालथं कसं करणार?

मी लगेच फोन लावला. लागेना. पाण्याकाठी त्यांच्याकडे रेंज अशीच येते-जाते. मग बोलून पाठवलं, की दुसरी बाही उसव, आता पुढे येणारी बाजू एवढीएवढी खोलगट कर, बगलेत अस्तराचा चौकोनी तुकडा घाल, हात खाली असला की दिसत नाही. निम्मं सांगून झालं आणि बेल झाली. फोन ट्रेमध्ये. दुपारभर मी कॉलरी शिवत होते आणि मनात एकच, ऐकलं असेल का, ऐकलं असेल का. एक कॉलर उलटी लागली. मॅडमनी ती उसवायला माझ्यासमोर ठेवली.

संध्याकाळी बघितलं तर तिनं ऐकलं होतं, पण उशिरा. नवरीची आई येऊन ब्लाऊज घेऊन गेली होती, टेंभुर्णीच्या शिंप्याकडे. सासूनं मशीनवर चादर टाकली. टेम्पो कधी मोकळा आहे याची फोनाफोनी सुरू झाली.

सूनबाईला म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाक. ती म्हणाली, काढला तरी किती जणींनी एकमेकींना पाठवलाय, तो कुठून काढणार? मग तिनं खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, कापड तोंडाला तोंड लावूनच कापा. कोण वाचतंय? अजूनही एखादीचा तसला फोटो येतो. मी प्रत्येकीला बगलेतला तुकडा सांगत बसते.

त्यानंतरच्या रविवारी, अर्थात कामावरच होते मी, वॉचमन आत आला. “मावशी, कुणीतरी बाई आल्यात. सकाळधरनं बसल्यात.”

जेवायची सुट्टी झाल्यावर बाहेर गेले. गेटजवळच्या बाकावर एक पोरगी, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. मी काही बोलायच्या आत तिनं माझे हातच धरले. “मावशी! हातावरनं वळखलं.” घरी दवाखान्यात जाते असं सांगून, एसटी बदलून आली होती. पिशवीत सासूचा ब्लाऊज. सासूला न सांगता तिच्या जुन्या ब्लाऊजच्या मापावर शिवलेला, फक्त बाह्यांचा राहिलेला.

“टेम्पो बुधवारी येनार हाय,” ती म्हणाली. “त्याच्या आत ह्यो त्यांच्या अंगात बसला तर त्या काय म्हंतील? म्हंतील की न्हाय, राहू दे मशीन?”

मी म्हटलं, “बस आधी. कापड काढ.”

बाकावर पेपर पसरला आणि तोंडाला तोंड लावून दोन घड्या ठेवल्या. खडू तिच्या हातात दिला. कात्री तिनंच चालवली, मी नुसतं बोट ठेवत होते. अक्कानं माझ्या डब्यातली भाकरी आणून तिच्या पुढे केली, तर ही पोरगी म्हणते, “नगं, कापडाला त्याल लागंल.” दोन्ही बाह्या निघाल्या, एक उजवी, एक डावी. तिनं त्या आपल्या दोन्ही खांद्यांवर ठेवून बघितल्या आणि लहान पोरीसारखी हसली.

पण बाही कापणं वेगळं आणि बसवणं वेगळं. मुंढ्यावर बाही जराशी जास्त असते, ते जास्तीचं बोटांनी मुरवत मुरवत घ्यावं लागतं. ते सांगून येत नाही, शेजारी बसून, मशीनवर दाखवावं लागतं. मशीनं आत. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. मी मॅडमकडे गेले.

“मॅडम, एकच पंधरा मिनिटं. कोपऱ्यातल्या मशीनवर.”

“मावशी, ट्रक उभाय. मला तुम्हाला नाही म्हणायला बरं वाटतंय का?”

बेल झालीच. मी उभ्या-उभ्या एक बाही सुईनं कच्च्या दोऱ्यानं टाचून दिली आणि दुसरीला नुसत्या टाचण्या लावल्या. “आत्ता बघितलंस तसं कर. घाई करू नको. बोटानं मुरव.”

“आनि फ्याशनीच्या गळ्याचा व्हिडिओ मावशी? त्यो कवा?”

मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि आत गेले. पुढच्या रविवारी, असं म्हणायला जीभ उचलली नाही.

माझ्या जागेवरनं गेट दिसत नाही. संध्याकाळी वॉचमननं सांगितलं, बाई एसटीची वेळ होईपर्यंत बाकावर बसून हातानंच शिवत होत्या.

बुधवारी तिचा निरोप नव्हता. गुरुवारी जेवायच्या सुट्टीत फोटो आला. टेम्पोच्या मागच्या बाजूला दोरीनं बांधलेलं मशीन, आणि त्याला एका हातानं धरून बसलेली तिची सासू. म्हातारी लेकीच्या घरी निघालेली, नटूनथटून. अंगात तोच ब्लाऊज. खाली पोरीनं बोलून पाठवलं होतं, सासूनं तो घालून आरशात बघितला होता, चांगला झालाय म्हणाली होती, दोनदा म्हणाली होती. पण लेकीला शब्द गेला होता, आणि टेम्पो दारात उभा होता.

शेवटी पोरीनं एवढंच विचारलं होतं, “मावशी, बाही बघा की. बसलीय न्हवं?”

मी बोटांनी फोटो मोठा केला. म्हातारीचा एक हात मशीनवर होता, दुसरा टेम्पोच्या कडेला वर धरलेला. हात वर धरूनही कुठे ओढलेलं नव्हतं. खांद्यावर एक सुरकुती नव्हती. हातानं मुरवलेली बाही अशी क्वचित बसते.

“बसलीय गं,” मी फोनमध्ये म्हटलं. पुढे आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण बेल झाली आणि ट्रे माझ्यापुढे आला.