दुसऱ्या आवाजाची जागा

थोआ न्हानवर जळायची, आणि ते लपवावं असंही तिला वाटत नव्हतं. लग्नाआधीपासून दोघी जोडीनं क्वान हो ही गावाकडची जुनी लोकगाणी गात आल्या होत्या. क्वान हो एकटीनं गायचंच नसतं. न्हान ओळ उचलायची आणि थोआ तिच्या आवाजात आवाज मिसळायची. लांब सुरात एकीचा श्वास संपला की दुसरी सूर धरून ठेवायची. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. रीतीप्रमाणे दोघी एकमेकींना ताई म्हणत, अहो-जाहो करत.

मग गावाच्या भातशेतांवर हायटेक पार्क आलं. रस्ते झाले, वीजकेंद्र झालं, कारखाने तेवढे यायचे राहिले. परदेशी पाहुण्यांना भुलवायला पार्कच्या साहेबांनी हमरस्त्यावर भलामोठा फलक लावला. फलकावर हातात पसरट टोपी घेतलेली हसरी न्हान. मूळ फोटो दोघींचा होता, पण थोआचं फक्त कोपर उरलं होतं.

"कोपर मात्र झकास आलंय हां तुझं," नवरा म्हणाला. "बघच, त्या कोपरावर गुंतवणूक येते की नाही."

"तुम्ही गप्प बसा. एवढं काय आहे हो तिच्यात? हसली की सगळ्या हिरड्या दिसतात!"

करारावर सह्या करायला कोरियाची कंपनी येणार, असं ठरलं. साहेबांनी सांगून टाकलं, "एकच बाई, एकच माइक. दोघी उभ्या राहिल्या की बघावं कुणाकडे?" न्हाननं मान्य केलं, पण पाहुण्यांना द्यायचे विडे करायला थोआताईच हव्यात म्हणून हटून बसली.

थोआच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गाणार आणि मी मागे बसून पानं दुमडणार? मोलकरीण समजली का मला? तरी ती गेली. न्हानची फजिती होताना ऐकायला मिळेल म्हणूनच गेली.

मंडपात पडद्यामागे सुपारी कातरत ती कान टवकारून बसली. न्हाननं विड्याच्या आमंत्रणाचं गाणं धरलं. लांब सुराची ती जागा आली, जिथं न्हान श्वास घ्यायची आणि थोआ सूर सांभाळायची. न्हान थांबली. मंडप चिडीचूप झाला. सूर थोआच्या अगदी गळ्याशी आला होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. बस आता, पडू दे उघडी, गावाला कळू दे अर्धं गाणं कुणाचं होतं ते!

न्हाननं उशिरानं सूर पुन्हा उचलला, गाणं संपवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

न्हान पडद्यामागे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, बरं नाही का तुम्हाला? मी थांबले होते हो. पडदा पातळ आहे, आवाज पोचला असता. तुम्ही उचलाल म्हणून तर तुम्हाला इथं बसवून घेतलं."

"तोंडात विडा होता," थोआ म्हणाली.

तेवढ्यात साहेब आत आले. चेहरा फुललेला. "वा, न्हानताई! सह्या झाल्या! आणि मध्येच थांबलात ना तुम्ही, तिथं त्यांच्या मोठ्या साहेबांनी डोळे पुसले. पुढच्या पाहुण्यांसमोरही तिथं थांबायचं. अगदी असंच."

न्हाननं थोआकडे पाहिलं, जरा वाट पाहिली, आणि मग साहेबांना हो म्हणाली.