पंख्याचा दवाखाना

एका मेलेल्या डच डॉक्टरच्या मी प्रेमात पडले, आणि हे माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लपवणार तरी कसं? मी शाळेत इतिहास शिकवते, तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात हा माणूस भेटला आणि मग जेवताना, कपडे वाळत घालताना, आमगावच्या बाजारात वांगी निवडताना मी त्याच्याबद्दलच बोलत सुटले.

अठराव्या शतकातला माणूस. पाद्र्याचा मुलगा. त्यानेही पाद्री व्हावं, अशी बापाची इच्छा. पण लहानपणी मांडीवर जखम झाली, चिघळतच राहिली, वैद्यांनी हात टेकले आणि या पठ्ठ्याने ती स्वतःच बरी केली. झालं, औषधाचं वेड लागलं ते लागलंच. पुढे असा मास्तर झाला की अख्ख्या युरोपातून पोरं त्याच्याकडे शिकायला यायची. झाडंझुडपं शिकवायचा, रसायनं शिकवायचा, आणि डॉक्टरकी शिकवायचा ती थेट रोग्याच्या खाटेपाशी. पोरांना खाटेभोवती उभं करायचं आणि आधी नीट बघायला लावायचं, हीच त्याची कीर्ती. मी तर विरघळलेच.

"माणसाच्या नशिबातबी सवत असते, हे मले आता समजलं," नवरा म्हणाला.

तो स्वतः डॉक्टर, याच गावचा. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचा दवाखाना. पण त्या वर्षी त्याचं हसणं एवढ्यापुरतंच उरलं होतं. माणसं मोटारसायकल काढून सरळ गोंदियाला जायची, मोठ्या यंत्रातून निघून यायची आणि परत येताना याच्याकडे फक्त रिपोर्टचा अर्थ विचारायला थांबायची. "नाडी दाखवायले कोणी येत नाही आता," तो म्हणायचा. मुलगा नागपूरला बोलावत होता. शेवटी याने ठरवलं की दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, झाली की दवाखाना बंद करायचा आणि निघायचं. पेंटरकडून पत्र्याची पाटीही रंगवून आणली. "दवाखाना कायमचा बंद." पाटी दाराआड उभी करून ठेवली आणि येता-जाता मी तिला मनातल्या मनात शिव्या घालू लागले. मला गाव सोडायचं नव्हतं. आणि त्याहून जास्त, त्याचा तो पडलेला चेहरा मला बघवत नव्हता.

आमच्या भागात धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दुपारी गावातल्याच लोकांची दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचं लोकनाट्य, होते, रात्री बाहेरच्या कंपनीचं नाटक. मंडई भरवणाऱ्या मंडळाला दंडारीसाठी काहीतरी नवीन हवं होतं. मी म्हटलं, घ्या, माझा डच डॉक्टर घ्या. आठवड्याभरात जन्मापासून मरणापर्यंत सगळं लिहून दिलं. मरणाचा प्रवेश लिहिताना स्वतःच एवढी रडले की डाळ करपली.

डॉक्टरचं काम नवऱ्याने करावं, हा माझा डाव. त्याने साफ नकार दिला. मी वाद घातला नाही. गावच्या शिंप्याला डॉक्टर केलं आणि तालीम आमच्याच ओसरीवर ठेवली. शिंप्याने रोग्याचं कोपर धरलं आणि डोळे मिटून नाडी बघू लागला.

दवाखान्यातून आवाज आला, "कोपराले नाडी पाहते का जी कोणी!"

तो फक्त चूक सुधारायला बाहेर आला होता. संध्याकाळपर्यंत डॉक्टर तो झाला होता आणि शिंपी खाटेवर रोगी म्हणून आडवा पडला होता. जुन्या माकडटोपीवर शेवरीचा कापूस चिकटवून मी विलायती केसांचा टोप केला. मागच्या पडद्यावर टांगायला पवनचक्की हवी होती, पण पेंटरकडे पत्रा संपला होता. मी दाराआडची पाटी उचलून त्याच्या हातात दिली. म्हटलं, मागची बाजू कोरी आहे, काढा. बिचाऱ्याने जन्मात पवनचक्की पाहिली नव्हती. मी हातवारे करून सांगितलं तशी त्याने काढली.

मंडईच्या दुपारी पडदा सरकला आणि पहिल्याच क्षणी कोणीतरी ओरडलं, "घरावर फॅन कायले लावला जी?"

आमच्याकडे दंडारीत प्रेक्षक गप्प बसत नाहीत. जखमेच्या प्रवेशात त्यांनी तीन-तीन इलाज सुचवले, पाद्री बापाला दटावलं. मग खाटेचा प्रवेश आला. शिंप्याला कावीळ झालेली, म्हणून मी त्याच्या तोंडाला हळद फासली होती. भोवती विद्यार्थी म्हणून आमच्या शाळेतले चार मास्तर. नवऱ्याने टोप सावरला आणि विचारलं, "सांगा, काय दिसते?"

मास्तर तोंड उघडणार तोच पब्लिक ओरडलं, "तोंड पिवळं हाय जी! कावीळ हाय!"

इथे त्याने माझं लिहिलेलं पुढचं वाक्य म्हणायचं होतं. तो थांबला. प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "नुसतं तोंड पाहून सांगता? डोळे पाहा ना."

पुढच्या रांगेत आमच्या शेजारची म्हातारी बसली होती. ती पदर खोचून सरळ स्टेजवर चढली, शिंप्याच्या डोळ्याची पापणी ओढली आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, "पांढरे सपेत हायेत! याले काही नाही झालं! ढोंग करून राहिला हा!"

शिंपी ताडकन उठून बसला. "माय, मी नाटक करून राहिलो बाप्पा!"

मांडव कोसळतो की काय असं हसू उसळलं, आणि त्या सगळ्यांत मोठा माझा नवरा हसत होता. टोप एका कानावर आलेला, डोळ्यांतून पाणी. कित्येक महिन्यांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मी विंगेत उभी राहून टाळ्या पिटत होते, नाटक माझं होतं हेही विसरून.

म्हातारी काही खाली उतरली नाही. शिंप्याला खाटेवरून हुसकावून स्वतःच तिथे बसली. "याचं झालं. आता माहे पाहा जी." त्याने खरंच तिचा हात हातात घेतला. मग तिच्या मागे तिची सून, सुनेमागे माहेरपणाला आलेली एक पोटुशी पोरगी, आणि बघता बघता स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत रांग. तो एकेकाला बघत होता आणि चौघा मास्तरांना, समोरच्या अख्ख्या गावाला विचारत होता, काय दिसते? नखं पाहा. पाय पाहा, सूज हाय का? गाव उत्तरं देत होतं, भांडत होतं, चुकत होतं. कोणाला दटावून उद्या गोंदियाला जायला सांगितलं, कोणाला नुसतं मीठ कमी करायला.

दिवस कलायला लागला. रात्रीची कंपनी येऊन सामान उतरवू लागली. मंडळाचा अध्यक्ष घाईघाईने माझ्याकडे आला.

"बाई, डॉक्टर मरते कधी?"

माझ्या हातात मरणाचा प्रवेश होता, माझं सगळ्यात सुंदर लिखाण. मी त्या कागदांची घडी करून कमरेला खोचली.

"आज नाही मरत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोड्याच्या आवाजाने जाग आली. पाटी लावायचा ठरलेला दिवस तोच होता. तशीच अनवाणी बाहेर धावले. नवरा स्टुलावर चढून दवाखान्याच्या दारावर पाटी ठोकत होता. चार पात्यांचा पंखा बाहेर, अक्षरं भिंतीकडे.

"अहो, उलटी लागली," मी म्हटलं.

"सुलटीच हाय," तो तोंडातला खिळा काढत म्हणाला.

पायरीवर शेजारची म्हातारी केव्हाची येऊन बसली होती. नाडीसाठी हात पुढे करता करता तिने त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "टोप घालून या जी आधी." तो स्टुलावरून उतरला आणि माकडटोपी आणायला आत गेला.