तिसऱ्या शीलाचा अर्थ

ज्योतीताई कोण होत्या, हे दौलतरावांना धड सांगता आलं नसतं. टेलिफोन खात्यात नोकरी, माहेर परभणीकडचं, विद्यानगरात भाड्याची खोली, एवढंच ठाऊक. पुढचं विचारायचा धीर त्यांना कधी झाला नाही. दर रविवारी नात स्वप्नाला विहारातल्या मुलांच्या वर्गाला आणायचं आणि मागं भिंतीला टेकून बसायचं, एवढाच संबंध.

मुलं फळ्यावर लिहिलेलं पंचशील पालीत म्हणत आणि ताई अर्थ सांगत. हिंसा, चोरी, खोटं, दारू, सगळं समजावून. तिसरं शील, म्हणजे वासनेपायी वावगं वागायचं नाही, तेवढं मात्र "मोठे झालात की कळेल" म्हणून सुटत असे. सगळीकडं असंच सुटायचं.

त्या साली गल्लोगल्ली इंटरनेट सेंटरं निघाली होती. चौथीतली स्वप्ना शाळेसाठी पक्ष्यांची चित्रं शोधायला गेली, तर पडद्यावर उघड्या बायाबाप्यांचे फोटो एकामागून एक उघडले. तिनं घरी येऊन सांगितलं. बापानं, धम्मानंदनं, थोबाडीत दिली आणि नेट बंद केलं.

रविवारी ती ताईंजवळ रडली. मुलं तिसऱ्या शीलापाशी आली तेव्हा ताईंनी हात वर केला.

"थांबा. आज हे सोडायचं नाही. तुमचं अंग तुमचं, दुसऱ्याचं दुसऱ्याचं. असली चित्रं पुढं आली, तर त्यात तुमचा गुन्हा नाही. पडदा बंद करा, उठा, घरी सांगा. कुणी गंमत दाखवतो म्हणालं, तरी हेच."

"आणि घरी मारलं तर?" स्वप्नानं विचारलं.

"मला सांग. मी येते घरी."

गोष्ट पसरली आणि विहाराच्या समितीची बैठक बसली. अध्यक्ष नामदेवराव घसा खाकरून म्हणाले, "ताई, विहारात असली भाषा?"

"भाषा कुठली, भाऊ? रोज पालीत म्हणतो, तेच मराठीत सांगितलं."

"लेकरांना काय करायचंय ते?"

"मग त्यांच्याकडून म्हणवून घेऊ नका. चारच शीलं ठेवा. फळ्यावरचं तिसरं तुम्ही पुसा, मी नाही पुसणार."

खडू-डस्टर त्यांनी नामदेवरावांपुढं सरकवलं. कुणी हात लावला नाही.

धम्मानंद उठला. "माझी पोरगी यापुढं वर्गाला येणार नाही."

"खरं बोलली म्हणून मार खाल्ला तिनं," ताई म्हणाल्या. "पुढच्या वेळी सांगणार नाही. मग बसा निवांत, घरात सगळं ठीक आहे म्हणून."

दौलतराव बैठकीत कधी बोलत नसत. आज उभे राहिले.

"स्वप्ना येणार."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी आणणार तिला. नेटवरही मीच नेणार. शेजारी स्टूल टाकून बसेन."

मागून कुणी हसलं. "काका, माऊस धरता येतो का?"

"नाही येत. ती शिकवील."

वर्ग चालू राहिला. धम्मानंद महिनाभर बापाशी बोलला नाही. स्टूल मात्र सेंटरवाल्यानं कोपऱ्यात कायमचं ठेवून दिलं.

पुढं ताईंची अचानक वरंगलला बदली झाली आणि पुन्हा गाठ पडली नाही. शेवटची भेट विद्यानगरच्या बस स्टॉपवरची.

"जय भीम, काका. स्वप्ना कुठंय?"

"सेंटरला. एकटीच गेली. मी बसलो की अडचण होते म्हणते."

"होणारच. काही दिसलं तर?"

"येऊन सांगते म्हणाली."

"मग बरं आहे. ही बस कोठीला जाते का हो?"

"नाही, मागची जाते."